चार कॉइल, एक मशीन

बऱ्हाणपूरच्या आठवणी निघाल्या की मावा जिलबी येते, दराबा येतो, राजघाट येतो, कुंडी भंडारा येतो, पॉवरलूमची खटखट येते. माईकवाले मात्र कोणाला फारसे आठवत नाहीत. लग्नघरी सगळ्यांच्या आधी पोचणारी आणि सगळ्यांच्या नंतर निघणारी ही माणसं. आमचे बाबा त्यांतलेच एक. आज त्यांच्याविषयी लिहितोय, आणि त्यांच्या नातवाच्या गाडीविषयीही. आमच्या घरात या दोन गोष्टी आता वेगवेगळ्या सांगता येत नाहीत.

आमचं घर लोधीपुऱ्यात. दर्गाह-ए-हकीमीमुळे लोधीपुऱ्याचं नाव जगभरच्या दाऊदी बोहरा कुटुंबांना ठाऊक आहे. आम्हा पोरांना ते आपलं खेळायचं गाव, एवढंच. घराच्या पुढच्या खोलीत बाबांचं दुकान. पाटी नव्हती. दाराच्या खिळ्याला टांगलेला भोंगा हीच पाटी. आत लाकडी फळ्यांवर भोंग्यांची युनिटं, वायरची वेटोळी, माईकचे स्टँड, रेकॉर्ड प्लेअर, आणि मधोमध जाड कापडाखाली झाकलेलं मशीन.

अँप्लिफायर हा शब्द आमच्याकडे कोणी वापरलाच नाही. ते 'मशीन'. बाबांकडची बहुतेक मशीनं आहुजाची. ही कंपनी १९४० पासूनची, आणि त्या काळात सभा, लग्न, कीर्तन, मिरवणूक काहीही असो, भोंग्यावर हेच नाव दिसायचं. मशीनच्या पाठीमागे स्क्रूंची एक पट्टी असायची. त्यावर लिहिलेलं असायचं कॉमन, ४, ८, १६, आणि पुढे ७० व्होल्ट, १०० व्होल्ट. आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी ही पट्टी पाठ झाली. भोंग्याच्या मागे बसतं ते युनिट १६ ओमचं. बाबांचा नियम सोपा होता:

"एक भोंगा सोळावर, दोन भोंगे आठवर, चार भोंगे चारावर."

म्हणजे काय, ते कळायला मला कॉलेजात जावं लागलं. पण करता मात्र सातवीतच येत होतं.

ज्यांना याची सवय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ओम म्हणजे अडथळा. मशीन वीज ढकलतं, आणि भोंग्यातली तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, तिला अडवते. आपल्या गल्लीतला पाण्याचा पाइप डोळ्यांसमोर आणा. पाइपला एका घराचं कनेक्शन असेल तर टाकीतून थोडं पाणी जातं. शेजारी शेजारी चार घरांनी कनेक्शन घेतलं की टाकीवर चौपट मागणी येते. प्रत्येक घराच्या नळाचा अडथळा तोच राहतो, पण टाकीला सगळे मिळून पाव अडथळा जाणवतो. हे पॅरलल. १६ ओमचे चार भोंगे पॅरलल लावले तर मशीनला ४ ओम दिसतात.

आणि सिरीज? आपल्या कुंडी भंडाऱ्याकडे बघा. खानखानांच्या काळात, १६१५ च्या सुमारास बांधलेला. शंभरच्या वर कुंड्या जमिनीखालच्या एकाच बोगद्याने एकमेकींना जोडलेल्या. पाणी एका कुंडीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. मधे कुठे माती ढासळली की पुढचं पाणी अडलं. सिरीजमध्येही तसंच. वीज एका कॉइलमधून निघून दुसरीत जाते, अडथळ्यांची बेरीज होते, आणि एक कॉइल तुटली की सगळंच गप्प.

एवढं कळलं की माईकवाल्याचा निम्मा धंदा कळला. उरलेला निम्मा म्हणजे शिडी आणि सहनशक्ती.

लांबच्या कामाला, म्हणजे जत्रेला किंवा मोठ्या सभेला, बाबा १०० व्होल्टची लाइन टाकायचे. तिथे प्रत्येक भोंग्याला एक छोटा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि हिशेब ओमऐवजी वॅटचा होतो. मशीन १०० वॅटचं असेल तर १० वॅटचे दहा भोंगे, किंवा २५ चे चार. बाबा शर्टाच्या खिशातल्या कागदावर बेरीज करायचे आणि शंभराच्या जवळ आली की पेन्सिल थांबवायचे. कार्यक्रमवाले म्हणायचे, "भाऊ, आणखी दोन लावून द्या ना, तिकडे बायका बसणार आहेत." बाबा म्हणायचे, "दुसरं मशीन आणतो. याच्यावर बसणार नाही." त्याचे वेगळे पैसे पडतील म्हणून लोक कुरकुर करायचे. बाबा ऐकून घ्यायचे, पण दोन भोंगे काही वाढवायचे नाहीत.

त्यांचं सगळं लक्ष मशीनच्या अंगाकडे. दर अर्ध्या तासाला ते मशीनच्या पाठीवर तळहात ठेवायचे. पाचापर्यंत मोजता आलं तर ठीक, आधीच हात काढावा लागला तर काहीतरी बिघडलंय. जुन्या वॉल्व्हच्या मशीनचा स्वभाव आणखी वेगळा. त्याला भोंगा न जोडता आवाज वाढवून ठेवलं तर आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जायचा. ट्रान्झिस्टरचं मशीन आलं तेव्हा उलटं झालं. ते मोकळं राहिलं तरी चालतं, पण अडथळा कमी पडला, तारेला तार लागली, की गेलं. बाबा म्हणायचे, "आधीच्याला एकटं ठेवायचं नाही, आताच्याला दाबायचं नाही."

गाडीत मशीन लावणं हेसुद्धा आमच्या घराला नवं नाही. बाबांची मशीनं घरच्या विजेवर चालायची, तशी १२ व्होल्टच्या बॅटरीवरही. नवा सिनेमा लागला की टांग्यावर भोंगा, सीटखाली ट्रकची बॅटरी, मांडीवर मशीन, आणि हातात माईक घेतलेला सिनेमावाल्यांचा माणूस. निवडणुकीत जीप. वीज न पोचलेल्या गावांत रात्रीची भजनं. बॅटरी किती तास पुरेल याचा अंदाज बाबा बरोब्बर सांगायचे. "बॅटरी म्हणजे भरून आणलेली घागर आहे, विहीर नाही," असं त्यांचं म्हणणं.

मग डीजे आले. आधी मोठे बॉक्स, मग ट्रॉलीवर बांधलेली भिंत, मग ट्रकभर बास. दोन-चार वर्षांतच भोंग्याला कोणी विचारेना. जे लोक दर वर्षी गणपतीत बाबांना आगाऊ पैसे देऊन जायचे, ते रस्त्यात दिसले तर दुसरीकडे बघायला लागले. बाबांनी कोणाशी भांडण केलं नाही. एक एक करून सामान विकलं. एक मशीन, दोन भोंगे, एक सुईचा मीटर आणि हत्यारांची पेटी एवढं ठेवलं. पुढे कानही गेले. आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांच्याशी बोलायचं तर कानाजवळ जाऊन बोलावं लागतं. पण बासचा धक्का त्यांना अजून कळतो. रात्री वरात गेली की म्हणतात, "खिडकीची काच हलली." एवढंच.

आता दुसरी गोष्ट.

माझा पुतण्या एका पॉवरलूमवाल्याकडे हिशेबाला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने सेकंडहँड छोटी गाडी घेतली. घरातली पहिली चारचाकी, म्हणून सगळ्यांना आनंद. आईसाहेबांच्या फोटोसमोर किल्ली ठेवली, नारळ फोडला. पुढे काही महिने पैसे साठवून त्याने त्या गाडीच्या डिकीत दोन बारा इंची सबवूफर आणि एक मोनो अँप बसवून घेतला. बाहेरगावच्या एका दुकानात. घरी आला तो गाणं लावूनच. गल्लीच्या तोंडाशी होता तेव्हाच ओट्यावर बसलेल्या बाबांना कळलं. गाडी दाराशी थांबली, डिकी उघडली. बाबांनी आत बघितलं आणि एवढंच म्हणाले, "ज्यांनी आमचं दुकान बंद केलं ते तू घरात आणलंस."

ते उठून आत गेले. पोरगं तिथेच उभं.

त्यानंतर जवळजवळ आठ महिने बाबा त्या गाडीत बसले नाहीत. दवाखान्यात जायचं तरी रिक्षाने. आजोबा-नातवात भांडण नव्हतं, चहा एकत्र व्हायचा, पण बोलणं जेवलास का, औषध घेतलं का याच्यापुढे जायचं नाही. माझ्या वहिनीला याचा फार त्रास व्हायचा. हा नातू लहानपणी त्याच दुकानात भोंग्याच्या तोंडात डोकं घालून ओरडत मोठा झालेला.

त्यातून तो अँप नीट चालेना. पाच-सात मिनिटं जोरात वाजलं की लाल दिवा लागायचा आणि आवाज बंद. थोड्या वेळाने परत सुरू, परत बंद. बासबरोबर हेडलाइट मंद व्हायचे. दुकानदाराला फोन केला तर उत्तर, "भैया, एक ओम पे कसके लगाया है, गरम तो होगा ही. पंखा लगवा लो." एक दिवस वहिनी रावेरहून त्याच गाडीतून येत होत्या. वाटेत जळका वास आला. गाडी बाजूला घेतली, आवाज बंद केला, काही झालं नाही. पण घरी आल्यावर दादाने निकाल दिला, "उद्या सगळं काढून विकून टाक. जे येतील ते पैसे घे."

मी दिवाळीसाठी घरी आलेलो होतो. पोरगं माझ्याकडे आलं. "काका, तुम्ही बघा ना." मी म्हटलं, "हे ज्यांना कळतं ते ओट्यावर बसलेत."

"ते बोलणार नाहीत."

"सब विषयी विचारू नकोस. मशीनविषयी विचार."

त्याने कानाजवळ जाऊन विचारलं, "आजोबा, मशीन गरम होऊन बंद पडतंय. कशामुळे?"

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "किती ओमवर चाललंय?"

"बाराशे वॅटचं आहे."

"वॅट नाही विचारले. ओम किती?"

पोराला सांगता येईना. बाबा उठले, आत गेले, आणि बाहेर आले ते हत्यारांची पेटी घेऊन. मी त्या पेटीचा आवाज कितीतरी वर्षांनी ऐकला.

पुढचे तीन तास दाराशी गाडी उभी, डिकी उघडी, शेजारची दोन-तीन पोरं गोळा झालेली. बाबांचा सुईचा मीटर आता नीट चालत नाही, म्हणून समोरच्या इलेक्ट्रिशियनकडून डिजिटल मीटर आणला. बाबांनी आधी मीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवल्या. ०.२ दाखवलं. "हे तारेचं. यातून वजा करायचं." मग अँपपासून सबच्या तारा सोडवल्या आणि टोकांवर मीटर लावला. वजाबाकी करून उत्तर आलं ०.९.

बाबांनी मान हलवली. "हे मशीन काय म्हणतं?"

अँपच्या खोक्यात एक पत्रक होतं, ते कोणी उघडलेलंच नव्हतं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत १२०० वॅट. आतल्या पत्रकात बारीक अक्षरांत खरी गोष्ट: ४ ओमवर ३५० वॅट, २ ओमवर ६०० वॅट, आणि २ ओमपेक्षा कमी लोड लावू नये.

दोन्ही सबना दोन-दोन कॉइल होत्या, प्रत्येक ४ ओमची. असे चार. मीटरवर एकेक कॉइल ३.५ ओम दाखवत होती. मीटरवर नेहमी थोडं कमीच दिसतं, कारण तो बंद कॉइल मोजतो, वाजती नाही. त्या दुकानातल्या माणसाने चारही कॉइल पॅरलल जोडल्या होत्या. चाराला चारने भागा, १ ओम. मशीन २ ओमपर्यंतचं, आणि त्याच्यावर टाकलेला बोजा दुप्पट. ६०० वॅटला २ ओमवर साधारण ३५ व्होल्ट आणि १७ अँपिअर लागतात. तेवढ्याच व्होल्टला १ ओम लावला तर ३५ अँपिअर मागितले जातात. मशीन तेवढं देऊ शकत नाही. ते तापतं, आणि शहाणं असेल तर स्वतःच बंद होतं. म्हणजे त्या बिचाऱ्या अँपचा काहीच दोष नव्हता. तो स्वतःला वाचवत होता. पंखा लावून त्याचं दुखणं बरं होणारं नव्हतं.

बाबांनी पाटीवर, म्हणजे गाडीच्या धुळीने भरलेल्या मागच्या काचेवर, बोटाने चार वेटोळी काढली. नातवाला म्हणाले, "या चारांची मोळी किती तऱ्हेने बांधता येते?"

पोरगं हिशेबातलं, त्याला पटकन कळलं. चारही पॅरलल, १ ओम. चारही सिरीज, १६ ओम. दोन-दोनच्या जोड्या केल्या तर ४ ओम. मधलं २ ओम या चार कॉइलमधून येतच नाही.

"मग सहाशे वॅट मिळणारच नाहीत?" त्याचा चेहरा पडला.

"या सबवर नाही. कॉइल २ ओमच्या घेतल्या असत्यास तर मिळाले असते."

हे खरंच आहे. दोन-दोन ओमच्या दोन कॉइल असलेले दोन सब घेतले तर प्रत्येकाच्या कॉइल सिरीज करून ४, आणि ते दोन सब पॅरलल करून बरोबर २ ओम येतात. म्हणून ज्यांच्या घरी असा मुलगा आहे त्यांनी लक्षात ठेवा, हिशेब खरेदीच्या आधी करायचा. आधी अँपचं पत्रक बघायचं, ते किती ओमवर किती वॅट देतं, मग त्या ओमला बसतील अशा कॉइलचे सब घ्यायचे. एकेरी कॉइलचे ४ ओमचे दोन सब असतील तर पॅरलल २, सिरीज ८. तीन असतील तर पॅरलल सव्वा ओमच्या जरा वर आणि सिरीज १२, दोन्ही बहुतेक अँपला न सोसणारं किंवा न पुरणारं, म्हणून तिनाचा आकडा शक्यतो टाळावा. दोन चॅनलचा अँप ब्रिज करून वाजवत असाल तर त्याला लावलेल्या ४ ओममधले प्रत्येक चॅनलला २ च दिसतात, हेही विसरू नये. आणि वेगवेगळ्या जातीचे सब एका मोळीत बांधू नयेत. वीज दोघांत सारखी वाटली जात नाही. एक आरामात राहतो, दुसरा जळतो.

आता ४ ओमही दोन तऱ्हांनी होतात. प्रत्येक सबच्या आतल्या दोन कॉइल सिरीज करून ८, मग दोन सब पॅरलल, ४. किंवा आतल्या पॅरलल करून २, मग दोन सब सिरीज, तरीही ४. आकडा एकच. नातवाने विचारलं, "मग फरक काय?"

बाबा म्हणाले, "रस्त्यात एका डब्याची तार सुटली तर? पहिल्या तऱ्हेत दुसरा वाजत राहतो, आणि मशीनला ८ ओम दिसतात. सुखात राहतं. दुसऱ्या तऱ्हेत दोघंही मुके. वरात चालू असताना मुकं होणं परवडत नाही."

चाळीस वर्षं वरातींमागे चाललेल्या माणसाचं हे उत्तर. पहिली तऱ्हा ठरली.

जोडायच्या आधी बाबांनी घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढायला लावला. सेलचं प्लस कॉइलच्या प्लसला, मायनस मायनसला, क्षणभर टेकवायचं आणि सबच्या पडद्यावर तळहात ठेवायचा. पडदा बाहेर आला तर जोड बरोबर, आत गेला तर उलटी. त्यांना ऐकू येत नाही, पण तो इवलासा धक्का तळहाताला कळतो. पहिला सब, बाहेर. दुसरा सब, आत. दुकानात एका सबच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या. एक पडदा हवा पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता. दोघं मिळून एकमेकांचा आवाज खात होते. पोराने आवाज वाढवत नेला होता तो यामुळेच. त्याला हवा तो बास येतच नव्हता.

बाबांनी त्याचा हात धरून पडद्यावर ठेवला. "बघ. आता परत टेकव." पोराने टेकवला. "आलं ना बाहेर?" आठ महिन्यांनंतर हे दोघं असे हाताला हात लावून बसलेले बघून वहिनी दारातून आत निघून गेल्या. चहा आणायला, असं म्हणाल्या.

वासाचं कारणही सापडलं. बॅटरीपासून अँपपर्यंत आलेली लाल तार बारीक होती, आणि तांब्याची नव्हती. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. बाबांनी टोक खरवडून दाखवलं, आत पांढरं. अँप ६०० वॅट देतो तेव्हा बॅटरीकडून पन्नासच्या वर अँपिअर ओढतो, कारण थोडी वीज उष्णतेत जाते. छोट्या गाडीच्या अल्टरनेटरची सगळी ताकदच साधारण तेवढी. म्हणून हेडलाइट मंद. आणि सगळ्यात वाईट म्हणजे फ्यूज डिकीत अँपजवळ होता. बोनेटपासून डिकीपर्यंतची सगळी तार बिनफ्यूजची. ती कुठे पत्र्याला घासून सोलली गेली असती तर बॅटरीची सगळी वीज पत्र्यात. फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आत हवा. तो अँपसाठी नसतो, तारेसाठी असतो. हे ऐकून दादा पहिल्यांदा जवळ आला. त्याला आवाजाचं काही नव्हतं, पण त्या गाडीत घरची माणसं बसतात.

दुसऱ्या दिवशी बाजारातून तांब्याची जाड तार आणली, फ्यूज बोनेटमध्ये बॅटरीजवळ बसवला. अर्थची तार तेवढ्याच जाडीची, हातभर लांबीची, पत्र्याचा रंग खरवडून बोल्टखाली आवळली. कॉइल मोजल्या. प्रत्येक सब ७ ओम, दोन्ही मिळून ३.५. बाबांनी मान डोलावली.

शेवटी आवाजाची चावी, म्हणजे गेन. पोरांना वाटतं ती व्हॉल्यूम आहे, म्हणून शेवटपर्यंत फिरवतात. ती हद्द आहे. त्याचाही हिशेब असतो. वॅट गुणिले ओम, आणि त्याचं वर्गमूळ. ३५० गुणिले ४ म्हणजे १४००, त्याचं वर्गमूळ सदतीस आणि थोडं. सबच्या तारा सोडून, मोबाइलवर ५० हर्ट्झचा एकसुरी आवाज लावून, मीटर एसीवर ठेवून गेन हळूहळू वाढवायचा आणि ३७ व्होल्टच्या आधी थांबायचं. बाबा म्हणाले, "पस्तीसवर थांब." तो थांबला.

मग सब जोडून गाणं लावलं. अर्धा तास वाजलं. लाल दिवा नाही, हेडलाइट स्थिर. बाबांनी अँपवर तळहात ठेवला आणि मोठ्याने पाचापर्यंत मोजलं. मग सहा, सात, आठ. हात काढला नाही.

पोरगं म्हणालं, "काका, खरं सांगू? वॅट कमी झाले पण आवाज वाढला." मी त्याला कागदावर दाखवलं. ६०० आणि ३५० वॅटमधला फरक कानाला अडीच डेसिबलच्या आतच असतो. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, आणि आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला वॅट दहापट करावे लागतात. उलटा सब सरळ झाल्याने जे मिळालं ते कुठल्याही मोठ्या अँपने मिळालं नसतं.

बाबांनी मात्र एक अट घातली. गल्लीत बंद. आपले रस्ते अरुंद, घरं एकमेकांना टेकलेली, कोणाच्या घरी आजारी माणूस, कोणाच्या घरी परीक्षेचं पोर. नियमही आहेच. सन २००० पासून ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. बाबा म्हणाले, "आम्ही भोंग्याचं तोंड आभाळाकडे ठेवायचो, कोणाच्या खिडकीकडे नाही. तुझ्या डिकीला तोंड फिरवता येत नाही, म्हणून चावी फिरव."

त्याने ते पाळलं आहे. गल्लीच्या तोंडाशी आला की बास बंद करतो. बाबा आता त्याच्या गाडीत बसतात. पुढच्या सीटवर, खिडकी उघडी ठेवून. मोकळ्या रस्त्याला लागले की हाताने खूण करतात, लाव म्हणून. कानाला काही कळत नाही, पण पाठीला सीटमधून ठेका जाणवतो. परवा म्हणाले, "ताल बरोबर आहे."

आणखी एक. आता त्या भागातली पोरं ओट्यावर येतात. कोणाची बोलेरो, कोणाची जुनी व्हॅन. "बाबा, माझं मशीन तापतं." बाबा आधी विचारतात, "ओम किती?" उत्तर आलं नाही तर परत पाठवतात, पत्रक वाचून ये म्हणतात. पैसे घेत नाहीत. मीटर नातू धरतो, हिशेब काचेवरच होतो. बाबांना डीजे अजूनही आवडत नाहीत आणि ते तसं सांगतातही. पण मशीन कोणाचंही असो, ते जळू नये असं त्यांना वाटतं.

मोठा आवाज कोणीही विकत आणू शकतो. पण मशीनवर सोसेल तेवढाच बोजा टाकायचा, आणि चार कॉइल एकमेकींच्या विरोधात न जाता एका दिशेने हलतील असं बघायचं, हे दुकानात मिळत नाही. आमच्या घरी ते एका पिढीला ओलांडून गेलं, दादाला आणि मला नाही, नातवाला मिळालं. बरं झालं मिळालं.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी माईकचं, रेडिओ दुरुस्तीचं, सिनेमाच्या मशीनचं काम होतं? बऱ्हाणपूर, रावेर, खंडवा, भुसावळ, कुठलंही. त्या हत्यारांची पेटी अजून असेल तर ती भंगारात देण्याआधी एकदा घरातल्या पोराच्या हातात देऊन बघा. आणि आठवणी असतील तर नक्की लिहा, बाबांना मी वाचून दाखवीन. कानाजवळ जाऊन.